शेरलॉक होम्सचा जुना डीव्हीडी सेट: घेतला होम्ससाठी, ठेवलाय जेरेमी ब्रेटसाठी

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची शेरलॉक होम्स मालिका, १९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग, होम्सच्या भूमिकेत जेरेमी ब्रेट. हा पूर्ण सेट मी सेकंडहँड मागवला आणि रोज रात्री जेवणं आवरली की एक भाग असं करत दीड-दोन महिन्यांत संपवला. आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच.

आता ओटीटीच्या जमान्यात डीव्हीडी कोण घेतं असं घरात सगळ्यांनीच विचारलं. माझं म्हणणं एवढंच होतं की नेटवर हे भाग तुकड्यातुकड्यात सापडतात, कधी मधलाच भाग गायब, कधी चित्र असं ताणलेलं की होम्स बुटका दिसतो, आणि क्रम तर कुणीच पाळलेला नसतो. आणि ही मालिका क्रमानेच बघायची असं मी ठरवलं होतं, का ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं पण आता येईल.

घेणाऱ्यांसाठी आधी कामाचं. डीव्हीडीवर ती कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल त्याचा रीजन नंबर असतो, इंग्लंडच्या डिस्क रीजन २ च्या असतात आणि आपल्याकडचं रीजन ५, त्यामुळे पार्सल उघडल्या उघडल्या पहिली डिस्क घातली तर प्लेयरने सरळ नकार दिला. आपल्याकडचे बरेच साधे स्वस्त प्लेयर सगळ्या रीजनचं चालवतात, बाबांचा जुना प्लेयर माळ्यावरून काढला तर त्यात एका झटक्यात लागलं. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो पण पाचच वेळा, नंतर तो कायमचा तिथेच अडकतो, तेव्हा सारखं पुढेमागे करू नका. विकणाऱ्याने ‘अगदी नव्यासारखा’ म्हणून पाठवलेल्या सेटमधल्या दोन डिस्कवर चांगले ओरखडे होते, एक भाग मध्येच चारपाच मिनिटं अडखळतो. तक्रार केली, अर्धे पैसे परत आले, विषय संपला. चित्र फिल्मवर शूट केलेलं आहे त्यामुळे थोडं रवाळ दिसतं, अंधाऱ्या खोल्यांमधे तर जास्तच, पण मला ते आवडलं, गॅसच्या दिव्याच्या उजेडात माणसं जशी दिसत असतील तशीच दिसतात. आवाज स्वच्छ. पॅट्रिक गॉवर्सचं ते सुरुवातीचं व्हायोलिन लागलं की आई स्वयंपाकघरातून ‘लागलं का तुझं’ म्हणून हाक मारायची आणि पदराला हात पुसत येऊन बसायची.

होम्सचं घर जिथे आहे तो बेकर स्ट्रीटचा रस्ता लंडनचा नाहीये बरं का, ग्रॅनाडाने मॅंचेस्टरला स्वतःच्या स्टुडिओत अख्खा रस्ता उभा केला होता. घोडागाड्या, धुकं, पेपर विकणारी पोरं, कुठेही कापडाचा पडदा लावलाय असं वाटत नाही. आणि होम्स जिथे पडून मेला असं वाटतं तो रायशेनबाखचा धबधबा मात्र खराखुरा, स्वित्झर्लंडला जाऊन तिथेच शूट केलेला.

मी होम्स पहिल्यांदा वाचला तो भालबा केळकरांच्या मराठीतून, शाळेच्या लायब्ररीतून आणलेली पुस्तकं, पानं पिवळी पडलेली. त्यामुळे माझ्या डोक्यातला होम्स मराठीच बोलायचा. नंतर बरेच होम्स बघितले, सिनेमातले, हल्लीचे मोबाईलवाले, सगळे आवडले, पण हा पहिल्या भागात खुर्चीतून वळून बघतो ना, तिथे आई पटकन म्हणाली, हा बघ आला पुस्तकातला. आणि ते उगाच नाहीये. मूळ कथा स्ट्रँड मासिकात यायच्या तेव्हा सिडनी पॅजेटने चित्रं काढलेली, ब्रेटने आणि दिग्दर्शकांनी ती चित्रं समोर ठेवून कितीतरी ठिकाणी तशीच्या तशी पोज घेतलीय. सेटवर ‘बेकर स्ट्रीट फाइल’ नावाची ७७ पानांची फाइल असायची, होम्स काय खातो, कसा बसतो, चिडला की काय करतो, सगळं मूळ कथांमधून वेचून काढलेलं. ब्रेट कथेचं पुस्तक बरोबर बाळगायचा आणि पटकथा मूळ लेखक कॉनन डॉयलपासून लांब गेली की तिथल्या तिथे भांडायचा. ती दोन टोकांची टोपीसुद्धा तो गावाकडे गेल्यावरच घालतो, लंडनमध्ये नाही, कारण त्या काळात शहरात तसं कुणी घालायचं नाही.

मग अभिनय. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, जे दिसलं ते सांगते. त्याचे हात बघा. बोटं एकदम हवेत उडतात आणि तिथेच थांबतात. जमिनीवर सरपटतो, सोफ्यावरून उडी मारून पलीकडे जातो, आणि पुढच्या क्षणाला इतका स्थिर की श्वास घेतोय का नाही कळत नाही. हसू तर एक सेकंदाचं, आलं न आलं तोच गेलं. आणि उच्चार, प्रत्येक शब्द कातरीने कापल्यासारखा. नंतर वाचलं तेव्हा कळलं की लहानपणी त्याला ‘र’ म्हणताच यायचा नाही, जिभेचं ऑपरेशन करावं लागलं, शाळेत वाचताना अक्षरं उलटसुलट व्हायची, आणि मोठेपणी सुद्धा तो रोज उच्चारांचा रियाज करायचा. ज्या माणसाचा आवाज जगभर होम्सचा आवाज म्हणून ओळखला जातो त्याने तो एकेक अक्षर घासून मिळवलेला आहे, आणि हे बहुतेकांना ठाऊकच नाही.

हाच माझा मुद्दा आहे खरं तर, आणि याच्यावरच अर्धा स्टार गेला. मला आलेल्या डब्यावर ‘शेरलॉक होम्स’ बोटभर उंच अक्षरांत आहे, आणि त्याच्या खाली, जिथे किंमतीचं स्टिकर लागतं तिथे, ‘जेरेमी ब्रेट’ एवढ्याशा अक्षरांत. आत एक पातळ पुस्तिका, भागांची नावं आणि गोषवारा, संपलं. ज्या माणसाने आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षं याच्यात घातली त्याच्याबद्दल अर्धं पानसुद्धा नाही. मी नाव लक्षात ठेवायला कितींना सांगितलं, ऑफिसमध्ये, शेजारी, सगळे म्हणतात ‘हां तो जुना होम्स ना, नाकवाला’. नाव कुणालाच आठवत नाही.

हा माणूस १९३३ चा. खरं आडनाव हगिन्स. वडिलांना मुलगा नाटकात गेलेला पसंत नव्हता, घराण्याचं नाव लावू नकोस म्हणाले, म्हणून त्याने अंगातल्या सुटाच्या लेबलवरचं ‘ब्रेट’ उचललं. म्हणजे नाव पहिल्यांदा गेलं ते तिथेच. मग १९६१ ला लंडनला हॅम्लेट केला, पुढे लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये काम केलं, १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ सिनेमात तो फ्रेडी आहे, तोच तो बिचारा पोरगा जो हिरॉइनच्या घरासमोरच्या रस्त्यावर गाणं म्हणत उभा असतो. आपल्या ‘ती फुलराणी’चं मूळ ज्या ‘पिग्मॅलियन’मध्ये आहे त्याच नाटकावरचा हा सिनेमा, त्यामुळे आपल्याकडे गोष्ट सगळ्यांना माहिती. पण गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की ब्रेटला स्वतःला चांगलं गाता यायचं आणि तरी त्या गाण्यात आवाज बिल शर्ली नावाच्या दुसऱ्याच माणसाचा आहे. आईला हे सांगितलं तर तिने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, त्याच्या तोंडातलं गाणं पण काढून घेतलं?

१९८० मध्ये अमेरिकेत त्याने एका होम्सच्या नाटकात वॉटसनचं, म्हणजे होम्सच्या डॉक्टर मित्राचं, काम केलं होतं, समोर होम्स होता चार्लटन हेस्टन. म्हणजे तोपर्यंत तो होम्सच्या बाजूला उभा राहणारा माणूस होता. दोनच वर्षांनी ग्रॅनाडाने त्याला होम्ससाठी विचारलं. लगेच हो म्हणाला नाही. आधीच्या लोकांनी इतकं केलंय, त्यात नवीन काय करणार, ही धाकधूक. आणि त्याची भीती बरोबर होती. विल्यम गिलेटने १८९९ पासून रंगभूमीवर होम्स केला, तेराशेच्या वर प्रयोग, बाकीचा गिलेट कुणाला आठवतो? बेसिल रॅथबोनने १९३९ ते १९४६ मध्ये चौदा सिनेमे केले, मग वैतागून सोडून दिलं, पुढे ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार सुद्धा मिळवला, तरी लोकांसाठी तो होम्सच राहिला. खुद्द कॉनन डॉयलला पण हा माणूस जड झाला होता, १८९३ मध्ये त्याने होम्सला धबधब्यात ढकलून मारलंच होतं ना, वाचकांनी परत आणायला लावलं. ज्याने जन्माला घातलं त्याचंच नाव जर त्याच्या मागे पडत असेल तर नटाची काय कथा. आपल्याकडे निळूभाऊ फुले, सेवादलाचा साधा, सच्चा माणूस, आणि गावोगाव बायका त्यांना प्रत्यक्ष बघून दचकायच्या. माझी आजी शेवटपर्यंत त्यांना शिव्या घालायची, तिला कितीही समजावलं तरी.

पण ब्रेटचं यांच्यापेक्षा वेगळं झालं आणि म्हणूनच सेट क्रमाने बघा म्हणतेय.

तो स्वतःला स्पंजची उपमा द्यायचा. आपल्यातलं सगळं पिळून टाकायचं आणि पात्र आत शोषून घ्यायचं. आता होम्ससारखा माणूस, एकटा, झोप नाही, खाणं नाही, उदास झाला की दिवसेंदिवस कोचावर पडून, मग एकदम अंगात आल्यासारखा धावतो, नशेची सुई टोचून घेतो, असला माणूस आत शोषून घ्यायचा आणि तो सुद्धा वर्षानुवर्षं. ब्रेट स्वतः मात्र याच्या अगदी उलट, प्रेमळ, बोलका, सेटवरच्या सगळ्यांची विचारपूस करणारा. पुढे पुढे तो होम्सचं नाव घ्यायचंच टाळायला लागला, ‘तुम्हाला माहितीये तो’ असं म्हणायचा. आपल्याकडे खेड्यात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात, तसं.

पहिले तेरा भाग, १९८४-८५, डेव्हिड बर्क वॉटसन. हे तेरा भाग म्हणजे सोनं. ब्रेट काटक, चपळ, डोळ्यात नुसती वीज. तेरावा भाग ‘द फायनल प्रॉब्लेम’, धबधब्याचा. तो प्रसारित झाला सप्टेंबर १९८५ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची बायको जोन विल्सन कॅन्सरने गेली होती. मग पुढचा भाग ‘द एम्प्टी हाउस’, होम्स मेलेल्यातून परत येतो, वॉटसन चक्कर येऊन पडतो. इथे वॉटसन बदललेला आहे, एडवर्ड हार्डविक, कारण बर्कला छोट्या मुलाबरोबर घरी राहायचं होतं. हार्डविक जास्त मवाळ, जास्त काळजी करणारा, आणि पुढच्या भागांत तो होम्सकडे ज्या नजरेने बघतो त्यात मला नट नटाकडे बघतोय असंच वाटत राहिलं.

१९८६ मध्ये ब्रेट कोसळला. हॉस्पिटल, मॅनिक डिप्रेशनचं निदान, म्हणजे मन कधी एकदम उसळतं, कधी पार बुडतं तो आजार, आणि त्यावरचं औषध लिथियम. हे मी बघताना वाचलेलं नव्हतं. १९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’पर्यंत आलो, होम्सचे केस एकदम बारीक, वेडेवाकडे कापलेले, आई म्हणाली हे काय केलंय केसांचं. त्याने ते आजारपणात स्वतःच कापले होते. आणि मग १९९१ चे भाग लावले, चेहरा सुजलेला, हालचाल जड, डोळे तेच पण भोवतीचं सगळं बदललेलं. मी काही म्हणायच्या आत आई हळूच म्हणाली, मामासारखा दिसतोय गं.

माझ्या मामांना बरीच वर्षं लिथियम चालू होतं. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, सारखी तहान, हाताला बारीक कंप, चेहरा असाच भरल्यासारखा. लोक म्हणायचे तब्येत सुधारली वाटतं. त्या रात्री आम्ही पुढचा भाग लावला नाही. लॅपटॉप काढून त्याच्याबद्दल शोधलं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं, रात्री एक वाजेपर्यंत.

तेव्हा कळलं की लहानपणीच्या तापाने हृदय आधीच खराब झालेलं, त्यात औषधांनी अंगात पाणी धरायचं, त्यात सिगारेटी सुटत नव्हत्या. आणि लोक काय म्हणत होते, तर होम्स जाड झाला. होम्सला जाड व्हायची परवानगी नव्हती ना. माणूस आजारी आहे हे कुणाला दिसलं नाही कारण लोक माणसाकडे बघतच नव्हते.

‘द डेव्हिल्स फूट’मध्येच एक प्रसंग आहे, समुद्रकिनारी होम्स ती नशेची सुई काढतो आणि वाळूत पुरून टाकतो. डॉयलच्या कथेत हे नाही. मालिका लहान मुलं पण बघतात म्हणून ब्रेटला ते दाखवायचं होतं, आणि त्यासाठी डॉयलची मुलगी डेम जीन हिची परवानगी घेतली होती. एरवी मूळ शब्द बदलला तर भांडणारा माणूस, त्याने हा एक बदल स्वतः मागून घेतला. मी हा तुकडा तीनदा मागे घेऊन बघितला.

शेवटची मालिका १९९४ ची, सहा भाग. बरेच जण सांगतात ती बघू नका, आधीचा होम्स लक्षात राहू द्या. माझं मत अगदी उलट आहे. ‘द मॅझरिन स्टोन’मध्ये तर होम्स जवळपास नाहीच, ब्रेट हॉस्पिटलमध्ये होता म्हणून चार्ल्स ग्रे, म्हणजे भाऊ मायक्रॉफ्ट, तपास करतो. पण बाकीच्या भागांत तो धापा टाकत का होईना उभा आहे, ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’मध्ये मरायला टेकल्याचं नाटक करणारा होम्स करतो आणि आपल्याला कळत नाही की यातलं नाटक किती. शेवटचा भाग ‘द कार्डबोर्ड बॉक्स’, बर्फ पडलेलं, शेवटी तो दुःखाच्या या चक्राचा अर्थ काय असं विचारतो, ते शब्द डॉयलचेच आहेत, पण आवाज पूर्ण त्याचा. सप्टेंबर १९९५ ला तो गेला, ६१ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने मॅनिक डिप्रेशनवर काम करणाऱ्या संस्थेसाठी रेडिओवरून मदतीचं आवाहन केलं होतं, स्वतःच्या आजाराबद्दल उघड बोलून, ज्या काळात कुणी बोलत नव्हतं. आपल्या घरांमध्ये आजही बोलत नाहीत, मामांचं आम्ही ‘जरा बीपीचा त्रास आहे’ असं सांगायचो.

सगळंच चांगलं आहे असं नाही. १९९३ चे दोन लांब भाग, ‘द लास्ट व्हॅम्पायर’ आणि ‘द एलिजिबल बॅचलर’, छोट्या कथा ओढूनताणून दोन तास केल्यात, स्वप्नं काय, भुतं काय, मूळ कथा कुठे गेली पत्ता नाही. १९८८ चा ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ पण मला ठीकठाक वाटला, पैसे कमी पडलेले दिसतात. त्याउलट १९८७ चा ‘साइन ऑफ फोर’ चुकवू नका.

अजून एक कामाचं, माझ्या सेटमध्ये हे चार आणि ‘द मास्टर ब्लॅकमेलर’ असे पाचही लांब भाग शेवटच्या डिस्क्सवर एकत्र कोंबलेत, त्यामुळे सरळ डिस्क नंबरने गेलात तर १९९४ चा थकलेला ब्रेट बघून झाल्यावर एकदम १९८७ चा ताजातवाना समोर येतो आणि जे दिसायला हवं ते दिसतच नाही. प्रसारणाची तारीख बघून क्रम लावा, मी डब्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलाय. घाई असेल तर निदान पहिले तेरा, मग ‘एम्प्टी हाउस’, ‘साइन ऑफ फोर’, ‘डेव्हिल्स फूट’, १९९२ चा ‘द मास्टर ब्लॅकमेलर’ आणि ‘कार्डबोर्ड बॉक्स’, या क्रमाने.

सबटायटल्स इंग्रजी आहेत माझ्या सेटमध्ये, जुनं इंग्रजी पटपट बोलतात त्यामुळे लागतातच, आईला मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगायचे. पैसे पूर्ण वसूल. फक्त नवीन छापतील तेव्हा त्या पुस्तिकेत दोन पानं त्याच्यावर घाला, फोटो नसला तरी चालेल.

आणि आता मला तो होम्स नसताना बघायचाय. ‘माय फेअर लेडी’ झाला. १९६६ ची बीबीसीची ‘थ्री मस्केटिअर्स’, त्यात तो दार्तान्यां आहे, आणि १९७९ ची ‘रिबेका’, त्यात मॅक्सिम, या दोन्हींची बघण्यासारखी कॉपी कुणाकडे असेल तर प्लीज सांगा. विकत घेईन, नाहीतर एका आठवड्यात जपून परत करेन, आईला पण बघायचंय.